एका चुलीचं घर

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या बाजारात मेथी निवडत होतो. सुनंदावहिनींचा, त्याच्या बायकोचा आवाज. "भाऊजी, हे शेतात बसले ते उठलेच न्हाईत..." एवढंच बोलल्या. मेथी तिथंच राहिली. त्याच्या गावी, डोंगरकड्याला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं. मी घरात गेलो नाही. लिंबाखाली पाहुण्यांत बसलो, सगळं उरकल्यावर परत आलो आणि नंतर महिनाभर तिकडं फिरकलो नाही. तो असताना त्या घरात मी थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचो. आता कोणाच्या नावानं जायचं, हा प्रश्न मला खात होता.

लोकांना वाटतं, आम्ही गावाकडचे दोस्त. न्हाई हो! वसमत आणि डोंगरकडा म्हणजे तासाभराचा रस्ता, पण आमची गाठ पडली हॉलंडमध्ये. दोघंही शिष्यवृत्तीवर शेतकी शिकायला गेलेलो. तो पिकांचं शिकत होता, मी पाण्याचं. वसतिगृहात पहिल्याच सकाळी एक टॉवेल गुंडाळलेला माणूस नळाशी भांडताना दिसला. "आता काहून गरम येऊन राहिलं न्हाई हे?" परक्या मुलखात ती बोली ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मागून म्हणालो, "डावीकडं फिरवा." त्यानं वळून बघितलं आणि तसाच ओल्या अंगानं मला मिठी मारली.

तो मोठ्या बागायतदाराचा पोरगा, मी बौद्धवाड्यातला. माझे वडील जन्मभर असल्याच बागायतदारांच्या रानात राबले, पण त्यांच्यापैकी कोणाच्या स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर बोलत मात्र नव्हतो.

त्याच हिवाळ्यात माझे वडील गेले. निघून पोचेपर्यंत सगळं उरकणार होतं. तरी मी बॅग भरायला घेतली, शिक्षण सोडून कायमचं जायचं ठरवून. तेवढ्यात स्वयंपाकघरातून गलका ऐकू आला. आमच्या मजल्यावर आठ जणांत एकच विजेची शेगडी होती. माधव तिच्यासमोर हात पसरून उभा, आणि एक जर्मन पोरगा हातात अंडं घेऊन त्याच्याकडं बघतोय. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी-पिठलं आणून खाऊ घालतात. कडू घास म्हणतो आम्ही त्याला. तेच हा बाबा तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळ्यांना समजावत होता.

"अरे, येडा झाला का? वडील माझे वारले, यांचे न्हाई," मी म्हणालो.

"चूल एक हाय ना आपली? मग घर एक. आज हितं कोणीच शेगडी लावणार न्हाई."

आणि खरंच कोणी लावली नाही. माधव खालच्या मजल्यावर जाऊन, वरच्या घरात मयत झालीय म्हणून सांगून आला. तिथल्या एक इंडोनेशियन बाई भाताचं पातेलं घेऊन आल्या, घानाच्या एकानं मासळीचं कालवण आणलं. जर्मन पोरगा अंडं बाजूला ठेवून गुपचूप आमच्यात बसला. पहिला घास माधवनं मला भरवला, तेव्हा कुठं मला मोकळं रडता आलं. दुसऱ्या दिवशी मी बॅगेतले कपडे परत कपाटात लावले. माझं शिक्षण पुरं झालं, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर नोकरी लागली, ते त्या घासामुळं. यात मला कधीच शंका वाटली नाही.

परत आल्यावर त्यानं मला घरी जेवायला नेलं. त्याच्या आईंनी माझं ताट बाहेर ओसरीवर वाढलं. मी मान खाली घालून बसलो. माधवनं आतून आपलं ताट उचलून आणलं आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसला. पुढं प्रत्येक खेपेला तेच. मी अवघडून गेलो की म्हणायचा, "जेव गुमान. हितं वारं छान लागतं." असं वर्षभर तरी चाललं असेल... मग एकदा आई आतूनच ओरडल्या, "आता दोघं बी आत या! भाकऱ्या बाहेर नेऊ नेऊ पाय दुखून राहिले माझे." पाय खरंच दुखत होते की काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तेव्हापासून माझं ताट चुलीपाशी पडायला लागलं. पुढची तीस वर्षं मी त्या घरात जेवलो, भांडलो, माधवच्या हळदीला पाणी वेळेवर न सुटल्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर त्याचं नाव उमटलं. ते मी पुसलेलं नाही, पुसवत नाही. फोन उचलला तर त्याच्या आई.

"काहून रे मिलिंद, तो गेला म्हणून तू बी गेला का?"

"आई, येणारच होतो..."

"येणारच होतो म्हणं! हळद शिजवायला काढली हाय. उद्या ये."

गेलो. अंगणात कढईखाली जाळ लागला होता, गडीमाणसं कामात होती. कोणी विशेष लक्ष दिलं नाही. ओसरीपर्यंत आलो आणि पाय तिथंच थबकले. आत घेऊन जाणारा आज सोबत नव्हता.

"ताट वाढून झालंय," आतून आईंचा आवाज आला. "गार करू नको."

मी आत गेलो.