आधी पट्टा, मग चौकट

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे खुडबुड्या म्हणायचे. लहानपणी त्याने भिंतीवरचं घड्याळ उघडलं, ते पुन्हा कधी बंद झालंच नाही. पुढे तंत्रशाळेत मास्तर झाला, तरी माझ्यासाठी खुडबुड्याच. लग्न केलं नाही त्याने. माझ्याकडेच राहायचा, आणि माझ्या कापड बेतायच्या टेबलावर दर वर्षी एक रोबो पसरून ठेवायचा. शाळाशाळांची स्पर्धा असते त्यांची. मला आपला तो चाकं लावलेला पत्र्याचा डबा दिसायचा, आणि तसं मी त्याला तोंडावर सांगायचे.

त्या वर्षी त्याच्या डोक्यात पट्टा शिरला. आधीच्या रोबोंना सायकलसारखी साखळी असायची. ती सैल पडते, खडखडते, ऐन वेळी उतरते. दातेरी पट्टा हलका आणि मुकाट चालणारा. पण तो अखंड असतो, त्याला जोड नाही. साखळीची कडी उघडता येते, पायजम्यात नाडी मागाहून ओवता येते, पट्ट्याचं तसं नाही. तो आधी चाकांवर चढवायचा आणि मगच चौकट रिव्हेट ठोकून बंद करायची. त्याच्या शाळेतल्या पोरांनी पहिल्या खेपेला काय करावं? चौकट ठोकली, टाळ्या पिटल्या, आणि पट्टे आपले टेबलावरच. मी एकेकाचा कान पिळला असता. हा बाबा हसला, आणि पोरांबरोबर सगळे रिव्हेट काढत बसला.

दुसऱ्या खेपेला त्याने दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचा पट्टा स्वतः आत घातला आणि माझ्याच रिळातल्या दोऱ्याने चौकटीला वर बांधून ठेवला. चालता पट्टा तुटला तर दोरा कापायचा आणि हा चढवायचा, चौकट उघडायला नको. हे त्याने मला जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, आधी जेव.

जेवण त्याला जात नव्हतंच. पोटातलं दुखणं अंगावर काढलं आणि मला पत्ताही लागू दिला नाही. अजून राग येतो मला त्याचा. स्पर्धेच्या तोंडावर अंथरूण धरलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता थोडेच दिवस. आणि याला ध्यास एकच. "ताई, तू जा. तो सरळ धावतो का ते बघ आणि मला येऊन सांग." त्याला सोडून जायला पाय उचलत नव्हता, तरी गेले.

तिथे आधी वजन करतात. रोबो ठरलेल्या वजनापेक्षा थोडासा जास्त भरला. पोरांनी नावाची पाटी काढली, झाकण काढलं, तरी काटा ऐकेना. मग त्यांना ते दोन पट्टे दिसले, कशालाच न लागलेले. चौकटीतून अखंड निघेनात, तशी पट्ट्यांनाच लावली कात्री. मी वर बाकावर बसलेली, मला काय कळणार?

रोबो निघाला मात्र झकास. नाकासमोर, जराही आवाज न करता. माझे डोळे भरून आले. मग दुसऱ्या कुणाच्या रोबोची धडक बसली, डावा पट्टा तुटला, आणि आमचा बिचारा जागच्या जागी गरगरत राहिला. फेरी संपली. मी मनात म्हणत होते, दोरा कापा रे, चढवा दुसरा. कुणी काहीच करेना. खाली गेले, तर संघाची पुढारी, एक चष्मेवाली मुलगी, कापलेले पट्टे हातात घेऊन उभी.

"आत्या, हे कशासाठी होते?" तिने विचारलं.

सांगितलं मी, आणि वर नको नको ते बोलले. पोरगी मटकन खालीच बसली. रोबो पुढच्या फेरीला उतरलाच नाही.

खोटं सांगावं असं वाटेत शंभरदा वाटलं. पण माझं तोंड त्याला लहानपणापासून ठाऊक. सगळं सांगितलं, पोरांचा उद्धार करत सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता.

"सरळ धावला ना पण?"

"धावला रे. सुतासारखा."

"पोरांना ओरडू नकोस ताई. मीच त्यांना सांगितलं नव्हतं. पट्टा तुटेल हे धरलं होतं मी. मी नसेन, हे नव्हतं धरलं."

मला रडू आवरेना. तो म्हणाला, पोरांना बोलाव, बरंच सांगायचं राहिलंय. मी लगेच फोन केला.

पोरं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तो पहाटेच गेला होता. दवाखान्याच्या जिन्यापाशी सगळी रांगेत उभी राहिली, वर्गात राहतात तशी. चष्मेवालीने हळूच विचारलं, सरांना काय सांगायचं होतं? मला काय ठाऊक? त्याचं निम्मं बोलणं मी आधी जेव म्हणून तोडलेलं. मला त्याच्या विद्येतलं येत होतं ते एवढंच. आधी पट्टा, मग चौकट. जास्तीचा पट्टा आत बांधायचा, आणि तो का बांधलाय ते सगळ्यांना सांगून ठेवायचं. तेवढं सांगितलं.