बुधवारपर्यंत

मनकर्णा माझी मोठी माय, म्हणजे मोठ्या काकांची बायको. माझ्या जन्माआधीची ही गोष्ट मला माझ्या आईने, कमळाने, सांगितली. आई तेव्हा या घरात नवी सून होती आणि जे घडलं त्यातलं बरंचसं तिच्या डोळ्यांसमोर घडलं.

कुरखेड्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मागे जंगल. मोठी माय रोवणीत, म्हणजे भातलावणीत, सगळ्यात पुढे असायची. तिच्या हाताची बरोबरी करणारी बाई गावात नव्हती. तिला दोन मुलगे, सहा आणि चार वर्षांचे. त्रेपन्न सालच्या चैतात गावात देवीची साथ आली आणि आठ दिवसांत दोघंही गेले. कुरखेड्याचे डॉक्टर बापूजी दोनदा सायकलीने येऊन गेले होते. दुसऱ्यांदा त्यांनी पिशवी उघडलीच नाही, नुसते खाटेजवळ बसून राहिले.

मोठी माय रडली नाही. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी ती मोहाची फुलं वेचायला गेली. सगळं काम करायची. पाणी भरायची, झाडायची, भात शिजवायची. कोणी बोललं तर उत्तर द्यायची. आजी, म्हणजे रुखमाबाई, शेजारणींना सांगायची की सून मोठ्या धीराची आहे.

जेठ लागला तेव्हाची गोष्ट. मोठी माय चुलीपुढे होती. आईला काहीतरी जळल्याचा वास आला म्हणून ती धावत गेली. मोठ्या मायचा डावा तळहात तापलेल्या तव्याला लागलेला होता आणि ती भिंतीकडे पाहत होती.

"बाई, हात! हात जळून राह्यला!"

तिने हात उचलून पाहिला. "हो," म्हणाली.

आईने बैलगाडी जुंपायला लावली आणि तिला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी हात धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली. तेवढ्या वेळात ती एकदाही कण्हली नाही. डॉक्टरांनी पट्टीची गाठ मारली आणि हात तसाच धरून ठेवला.

"मनकर्णाबाई, दुखलं नाई?"

"नाई."

"झोप येते?"

"पडून राह्यतो."

"जेवण?"

"सासूबाई वाढते तर खातो."

मग डॉक्टरांनी सरळ विचारलं, "जगून काय करावं, असं वाटते?"

"वाटते."

"जीव द्यावा असं मनात येते?"

आई सांगायची, मला वाटलं जमीन फाटून मी आत जाते. असं कोणी बोलतं का? मोठी माय मात्र, जेवली का असं विचारल्यासारखं, म्हणाली, "येते. रोज येते."

"कोणाले सांगतलं?"

"इचारलं कोण?"

डॉक्टर तिला ओरडले नाहीत, त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही, लेकरं अजून होतील असंही म्हटलं नाही. म्हणाले, "बाई, याची दवा माह्यापाशी नाई. बाटलीत रंगीत पाणी भरून मी तुले देणार नाई. पण दर बुधवारी बाजारासाठी गाडी येते, तिच्यात बसून येत जाजो. इथी बसजो. बोलावं वाटलं तर बोलजो, नाई तर नको. मले फक्त पुढच्या बुधवारपर्यंतचा शब्द दे."

"आन् मग?"

"मग त्या दिवशी पुढचा मागीन."

तिने दुसऱ्या हाताने पट्टीची गाठ चाचपली. शेवटी म्हणाली, "बुधवारपर्यंत राह्यतो."

"लटारूले सांगू? त्याले माहीत पाह्यजे."

तिने मान डोलावली.

लटारू म्हणजे माझे मोठे काका. डॉक्टर त्याच संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी अंगणात आजी-काकांना समोर बसवून सांगितलं. हिला एकटी ठेवू नका, रागावू नका, ती बोलली तर मधात तोडू नका. आजी म्हणाली, ही बाहेरची बाधा आहे, पुजाऱ्याला दाखवू. डॉक्टर म्हणाले, "दाखवा ना. पण बुधवारी पाठवा." काका खाली मान घालून ऐकत होते. डॉक्टर उठले तेव्हा ते सायकलीपर्यंत मागे गेले.

"डॉक्टरसाहेब, मी बी येऊ का बुधवारी?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. "ये."

त्यानंतर दोघंही जायचे. दवाखान्याच्या बाकावर दोन टोकांना बसायचे. रोगी येत-जात. दुपारी गर्दी ओसरली की डॉक्टर एकेकाला आत बोलवायचे. कधी काका तासभर बोलायचे आणि डोळे पुसत बाहेर यायचे. मोठी माय पाच मिनिटांत यायची. जाताना मात्र शब्द देऊन जायची. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की डॉक्टर चिखल तुडवत इकडे यायचे. दिवाळी गेली, धान कापून झालं, पुन्हा मोह पडला. ती तशीच होती. आई विचारायची, बरं वाटते का बाई? ती म्हणायची, काहीच वाटत नाही.

पुढच्या वर्षी आषाढातल्या एका बुधवारी ती दवाखान्यात गेली नाही. काका काही कामाने गडचिरोलीला गेले होते. दुपारपर्यंत वाट पाहून डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि सायकल काढली. घरी कोणी नव्हतं. ते धावतच शेतावर आले. आई सांगायची, त्यांचा चेहरा पाहून आम्ही साऱ्या बाया हातातले परे, भाताची रोपं, घेऊन उभ्या राहिलो.

मोठी माय रांगेत सगळ्यात पुढे वाकलेली होती.

"बाई," डॉक्टरांना धाप लागली होती, "आज बुधवार."

तिने वर पाहिलं. "बुधवार हाये? मी तं इसरलोच जी."

डॉक्टर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मटकन बसले. त्यांनी जोडे काढले आणि चिखलात पाय सोडले. कोणीतरी त्यांना पेज आणून दिली. ती पिऊन त्यांनी तिथेच डोळे मिटले. बाया पुन्हा वाकल्या. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडून शब्द मागितला नाही.

मोठी माय त्यानंतर तीस वर्षं जगली. मूल पुन्हा झालं नाही. आम्हा भावंडांना तिने न्हाऊ-माखू घातलं, पण कुशीत घेऊन ती कधी बसली नाही. आईला एकदा म्हणाली होती, "मुंग्या आलेल्या पायावर चालते ना माणूस, तसं चालून राह्यलो मी."

वर्षातून चार-दोन बुधवारी ती काही होत नसताना दवाखान्यात जायची. डॉक्टर कशाला आलीस म्हणून विचारत नसत. ती बाकावर बसायची आणि गाडी निघायची वेळ झाली की उठायची.