सामानापाशी बसणारं माणूस

मी सहलीची यादी तीन रकान्यांत करते. काय न्यायचं, कोणी न्यायचं, कुठल्या पिशवीत. गौताळ्याच्या जंगलात जायचं ठरलं तेव्हा त्याला चौथा रकाना जोडला, कारण सगळ्यांनी मिळून जंगलात चालायची ही आमची पहिलीच वेळ होती: तिथं कोणी काय करायचं. नवऱ्याकडं गाडी आणि पाणी. नणंद आदल्या दिवशी बिडकीनहून येणार होती, तिच्याकडं भाकरी आणि ठेचा. मुलगी बारा वर्षांची, तिच्याकडं दुर्बीण आणि पक्ष्यांची वही. सासूबाईंच्या पुढं मी लिहिलं, 'सामानापाशी'.

हे लिहिताना हात अजिबात थांबला नाही. आमच्या घरात ते ठरलेलंच आहे. कुठंही गेलो की एक माणूस सामानापाशी बसतं, आणि ते माणूस म्हणजे सासूबाई. दसऱ्याला आम्ही विद्यापीठामागच्या लेण्यांवर जातो, तेव्हा पायऱ्यांखाली चपला आणि डबे त्याच राखतात. पैठणला धरण बघायला गेलो होतो, तेव्हा त्या खाली झाडाच्या सावलीत चटईवर बसल्या आणि आम्ही वर जाऊन पाणी बघून आलो. "कसं होतं?" त्यांनी विचारलं. "भरलंय," नवरा म्हणाला. एवढ्यात त्यांचं धरण संपलं. त्यांचे गुडघे दुखतात, हे कारण सगळ्यांनाच सोयीचं होतं.

यादी फ्रिजच्या दारावर लावली त्या संध्याकाळी त्या चष्मा लावून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तिथं वरून पाणी पडतंय म्हणती पोरगी."

"हो आई, धबधबा आहे. वीस मिनिटं सपाट चाललं की एक छप्पर लागतं. तिथून पुढं अर्धा तास, थोडा चढ."

"मला बघायचाय."

"बघू," मी म्हणाले, आणि काकड्या किती लागतील ते मोजायला लागले.

रविवारी बरोबर सहाला निघालो. क्रांती चौक रिकामा होता. तो तसा बघितला की काहीतरी फुकट मिळाल्यासारखं वाटतं. पाऊस नुकताच सरला होता. वेरूळ मागं पडलं तसं हवेत गवताचा वास यायला लागला, कन्नडच्या पुढं डोंगर हिरवेगार दिसले, आणि मी काचेला नाक लावून बसले. वर्षभर कार्यालयात फायली लावणाऱ्या बाईला डोंगर दिसला की काय होतं, ते मी यादीत लिहीत नाही. पण मला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आमच्याकडं मोजणी आहे. मुलगी तीन वर्षांची असताना गर्दीत पाच मिनिटं हरवली होती, तेव्हापासून. बाहेर गेलो की मी मध्येच 'एक' म्हणते. मग नवरा 'दोन', मुलगी 'तीन', नणंद असेल तर ती 'चार', आणि शेवटी सासूबाई. त्यांच्या गालात सुपारी असते, त्यामुळं त्यांचा आकडा यायला वेळ लागतो आणि तो 'पाच हाय' असा येतो. मुलीला तेवढा धीर नसतो. ती आजीच्या आवाजात स्वतःच 'पाच हाय' म्हणून टाकते, आणि नक्कल इतकी हुबेहूब असते की आजीच दचकते. गाडीत हे दोनदा झालं.

जंगलाच्या फाटकापाशी गाडी लावली, तिथल्या वहीत नाव नोंदवलं आणि पिशव्या घेऊन चालायला लागलो. दहा मिनिटांत मुलीनं सगळ्यांना हातानं थांबवलं. सागाच्या झाडांमध्ये एक रोही उभा होता, नीलगाईचा नर, राखाडी, घोड्याएवढा, कान हलवत. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो.

"ह्याला बघायला येवढ्या लांब आलो व्हय?" सासूबाई म्हणाल्या. "गावाकडं आपल्या तुरीत रोज उभा ऱ्हातो."

रोही पळाला. मुलीनं वहीत त्याची वेळ लिहिली आणि आजीकडं रागानं बघितलं.

छप्पर आलं. परत येऊन इथंच जेवायचं होतं. मी चटई काढली, तिन्ही पिशव्या खांबापाशी रांगेत लावल्या.

"आई, तुम्ही इथं बसा. वानरं आहेत, पिशव्यांवर लक्ष ठेवा. आम्ही एक वाजेपर्यंत येतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चटईवर बसल्या आणि पिशव्या जवळ ओढून घेतल्या.

पुढची वाट मात्र खरी जंगलातली होती. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, त्यात तेरड्याची गुलाबी फुलं, आणि वर फांद्या इतक्या दाट की ऊन नाण्यांसारखं सांडलेलं. पाण्याचा आवाज येत होता पण पाणी दिसत नव्हतं. कधी डावीकडून येई, कधी पुढून. मी सगळ्यांच्या पुढं होते आणि माझे पाय आपोआप पळत होते. मागं नवरा, मग मुलगी, शेवटी नणंद. एका वळणावर मी मोजणी केली.

"एक."

"दोन." "तीन." "चार."

आणि मग मागून, "पाच हाय."

"आजी नाहीये ना इथं? मग पाच कशाला म्हणतेस?" मी वळून न बघताच म्हणाले.

"मी नाही म्हणाले," मुलगी म्हणाली.

"मग काय वानर म्हणालं?"

नणंद हसली. "वहिनी, हुबेहूब आईसारखंच बोलती ही पोरगी."

"आत्या, खरंच मी नाही."

ओढा आडवा आला आणि तो विषय राहून गेला. गुडघाभर खोल, काचेसारखं पाणी, तळातले गोटे मोजता येतील असं. बूट हातात घेऊन ओलांडला. पाणी इतकं गार होतं की नणंद दर पावलाला 'आगं बाई' म्हणत होती. पलीकडं चढ सुरू झाला, मुळांना धरून चढायचा. थोडं वर गेल्यावर थांबलो. मुलगी माझ्याशेजारी दगडावर बसून बाटलीनं पाणी प्यायला लागली. मी पुन्हा मोजणी केली. 'एक', 'दोन'. मुलीनं पीत पीतच तीन बोटं वर केली. 'चार'.

बराच वेळ काही नाही. मग खालून, लांबून, बारीक आवाज आला. "पाच हाय."

मी मुलीकडं बघितलं. बाटली अजून तिच्या तोंडाला होती.

मी जशी उतरले तशी आयुष्यात कधी उतरले नसेन. मुळं, गोटे, काटे, काही दिसलं नाही. डोक्यात एकच हिशोब चालला होता: पहिल्या हाकेपासून वीस मिनिटं झाली, म्हणजे वीस मिनिटं त्या एकट्या मागून येत होत्या, आणि आम्ही हसलो होतो.

सासूबाई ओढ्याच्या मधोमध एका खडकावर बसल्या होत्या. पाय पाण्यात. चपला मांडीवर. दोन्ही खांद्यांना दोन पिशव्या, तिसरी डोक्यावर, आणि बगलेत चटई.

"आई, तुम्हाला बसायला सांगितलं होतं ना."

"बसले व्हते. मग उठले."

"आणि हे सगळं?"

"राखायला सांगितलंस, राखलं. मी जिथं, सामान तिथं." त्यांनी सुपारी दुसऱ्या गालात सारली. "दोन डाव आवाज दिला. एकीनं मागं वळून बघितलं नाय."

तोपर्यंत बाकीचे तिघं पोचले. मुलगी माझ्याकडं बघत होती. तिला जे म्हणायचं होतं ते ती म्हणाली नाही, हे तिचे उपकार.

"आई, पुढं चढ आहे," नवरा म्हणाला. "गुडघ्याचं काय?"

"गुडघा कुणाचा हाय?"

"तुझाच."

"मग झालं."

"पण एवढ्या पिशव्या घेऊन वर कसं चढणार?" नणंद म्हणाली. "आणि इथं ठेवल्या तर वानरं भाकरी ठेवतील का?"

सगळ्यांनी पिशव्यांकडं बघितलं आणि मग, सवयीनं, सासूबाईंकडं. मीसुद्धा. त्या खडकावर बसून पाण्यातले पाय हलवत होत्या आणि कोणाकडंच बघत नव्हत्या. पाणी कुठून येतंय तिकडं, वर, बघत होत्या.

मी पाण्यात उतरले आणि त्यांच्या डोक्यावरची पिशवी उतरवली. "द्या. मी बसते."

"तू?" नवरा म्हणाला. "यादीत तसं नाही."

"यादी माझीच आहे."

मग मी भराभर ठरवून टाकलं. नणंद पुढं, नवरा मागं, मुलगी बाजूनं हात धरून. दर दहा पावलांवर थांबायचं. ओल्या दगडावर आडवा पाय टाकायचा नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, लुगडं वर खोचलं, आणि चपला माझ्या हातात दिल्या.

"ह्यापण राख," त्या म्हणाल्या.

ते दिसेनासे झाले. मी त्या खडकावर बसले, तिन्ही पिशव्या मांडीशी, चपला शेजारी. बघता बघता पलीकडच्या झाडावर सहा वानरं येऊन बसली आणि भाकरीच्या पिशवीकडं बघायला लागली. मी काठी घेतली. एक खंड्या निळ्या रेघेसारखा पाण्यावरून गेला, आणि त्याची नोंद करायला वही माझ्याकडं नव्हती. पण माझं सगळं लक्ष कानात होतं. कुठं दगड घसरतो का, कोणी ओरडतं का. या बाईनं इतकी वर्षं असंच ऐकत बसून काढली असणार. अर्ध्या तासानं मला राहवलं नाही. मी उभी राहिले आणि डोंगराकडं तोंड करून ओरडले, "एक."

वरून, पाण्याच्या आवाजातून, "दोन." मग "तीन," आणि "चार."

मी थांबले. वानरंही थांबल्यासारखी वाटली.

"पाच हाय."

ही नक्कल नव्हती. नकलेत एवढा दम लागलेला नसतो. मी काठी हातातच ठेवून खडकावर दोन उड्या मारल्या, आणि वानरं मागच्या झाडावर गेली.

एक वाजून गेल्यावर ते उतरले. सासूबाईंचे केस ओले होते, चष्म्यावर थेंब होते, आणि गुडघ्यावर हात ठेवून त्या हळूहळू येत होत्या, पण हसत होत्या. मी चपला त्यांच्या पायांपाशी ठेवल्या.

"कसं होतं?"

त्यांनी विचार केला. "सांगून कळायचं नाय," त्या म्हणाल्या, आणि खडकावर माझ्या जागी बसून भाकरीची पिशवी जवळ ओढली. "जा तू. मी बसते."

"आई, आता तुम्ही कशाला, हे बसतील की."

"त्याच्यासमोरून वानरं भाकरी नेतील. जा."

घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. यादीत एकला जेवण होतं. मी काठी सासूबाईंच्या हातात दिली, बूट घट्ट बांधले आणि चढायला लागले.