शिवेपर्यंतचं ओझं

जैनथच्या फाट्यावर बसमधून उतरलो, तर एका म्हाताऱ्याने न विचारताच माझी पिशवी डोक्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला. पिशवीत माझ्या शाळेतल्या पोरांचे निबंध होते. विषय मीच दिलेला: गुलामगिरी बंद केली, हे इंग्रजांचं मोठेपण की सोय?

तो एकदाही वळला नाही. तरी माझी चाल मंदावली की त्याचीही मंदावायची. पुढच्या गावच्या शिवेवर कडुनिंबाखाली त्याने पिशवी उतरवली आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला.

"इथंच काऊन ठेवली, बाबा?"

"माहा बाप निजामाच्या राजात वेठीले होता. सायबाचं सामान इथलोकच आणे. फुडं त्या गावचा मानूस नेये."

"अहो, वेठ कधीचीच बंद झाली."

"झाली ना, सर," तो म्हणाला. "आता कोनी मारत नाई."

एवढं बोलून तो आल्या वाटेने परत गेला.

पिशवी उचला, असं मी त्याला म्हटलं नव्हतं. राहू द्या, असंही म्हटलं नव्हतं. आणि ती स्वतःच्या खांद्याला लावण्याआधी, कडुनिंबाखाली दुसरं कोणी उभं आहे का, ते मी पाहून घेतलं.