ओटीची फळं आणि विहीणबाईंचं कस्टर्ड

उन्हाळा आला की लोक फळं चिरतात, वरून कस्टर्ड ओततात आणि त्याला फ्रूट सॅलड म्हणतात. म्हणोत बापडे. मी केळव्याची, वाडीतली बाई. आमच्याकडे फळाला फळाची चव असते, ती पिवळ्या लगद्याखाली लपवावी लागत नाही. हे मी एकदा विहीणबाईंसमोर बोलून बसले, लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. तेव्हा जे बिनसलं ते बिनसलंच.

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. राहतात बोईसरला, तिसऱ्या मजल्यावर. मूळच्या सांगलीकडच्या; यजमान इकडच्या कारखान्यात नोकरीला लागले म्हणून आल्या आणि राहिल्या. घर टापटीप, बोलणं शुद्ध आणि नजर अशी, की आपण चपला बाहेर काढल्या की नाही ते आपल्यालाच परत जाऊन बघावंसं वाटावं. मला म्हणतात, "तुमच्याकडे काय, वाडीच. झाडाखाली बसलं तरी चालतं." ऐकायला गोड. पण मी काय बहिरी नाय.

गेल्या उन्हाळ्यात लेकीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडे सांगायची गोष्टच नव्हे. मीही माहेरी बाळंत झाले, माझ्या बहिणीही. मी मागची खोली रंगवून घेतली, खिडक्यांना जाळ्या बसवल्या, आमच्या यजमानांच्या मागे लागून इन्व्हर्टर आणवला. पाळण्याची कडी तपासायची म्हणून हे स्वतः दोरीला लोंबकळले. इतकी सगळी तयारी झाली आणि एक दिवस फोनवर विहीणबाई म्हणतात कशा, "केळव्याला कसं जमेल हो? भर पावसात दिवस भरतायत. रात्री-अपरात्री दवाखाना कुठे गाठणार? डास केवढे तुमच्याकडे. आणि लाईट तर काय, वारा सुटला की गेलीच."

मी म्हटलं, "विहीणबाई, आमच्याकडं पोरं जन्माला येतात. दर पावसाळ्यात येतात."

"येतात हो. पण आता काळ बदललाय."

काळ बदललाय म्हणे. बोईसरची हवा बदलली ते नाय दिसत. संध्याकाळी गॅलरीत कपडे वाळत घातले तर सकाळी कसला तरी आंबूस वास मारतो त्यांना. त्या वासात माझं नातवंड पहिला श्वास घेणार? मी ठरवलं, डोहाळजेवणाला जायचं, ओटी भरायची आणि चार बायकांसमोर सांगून टाकायचं की लेकीला मी नेते. चारचौघींत विहीणबाई नाही म्हणणार नाहीत. लोक काय म्हणतील याची त्यांना फार काळजी.

डोहाळजेवण सासरी होतं. ओटीला पाच फळं लागतात. मी वाडीतली घेतली. आंबा हिरव्यावरून पिवळ्यावर येणारा, चिकू दोन दिवस पेंढ्यात ठेवून बोटाने दाबला तर जेमतेम दबणारा, केळी, आणि पांढरे जाम. जाम म्हणजे आमच्याकडची ती घंटेसारखी पाणीदार फळं, चावली की तोंडात पाऊस. पाचवं फळ वाडीत नव्हतं, म्हणून पालघरला उतरून डाळिंब घेतलं. सगळी हिरव्या खणात बांधली. दुसऱ्या पिशवीत लेकीला खायला म्हणून ताडगोळे ओल्या फडक्यात गुंडाळून, एक कैरी, पुदिना आणि शहाळी. बोईसरच्या फ्लॅटमध्ये कोयता कुठला, म्हणून यांनी घरीच शहाळ्यांची तोंडं पातळ तासून दिली होती, नुसत्या सुरीच्या मुठीने ठोकलं तरी फुटतील अशी. हे सगळं मांडीवर घेऊन आम्ही दोघं रिक्षात. बेटेगावाजवळ एका टँकरच्या मागे अडकलो ते अडकलोच. रिक्षावाला हिंदीत त्या टँकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि मी मनातल्या मनात विहीणबाईंचा.

घरात शिरल्यावर पहिलं काम, खणातली फळं देवापुढे ठेवली. विहीणबाईंच्या देखत ठेवली, हे लक्षात ठेवा. मग आत लेकीकडे गेले. पोरीचं तोंड एवढंसं झालेलं. तिला सातव्या महिन्यातही काही पचत नव्हतं; पोळी खाल्ली की उलटी, दूध प्यालं की उलटी. तिच्या केसांत गजरे माळले, हातात फुलांच्या बांगड्या घातल्या. तिला म्हटलं, "आज तुला न्यायचं पक्कं करते."

ती म्हणाली, "आई, आज भांडू नको."

"मी कुठं भांडते? मी बोलते."

बाहेर आले तर देवापुढे पाट रिकामा. मला वाटलं ओटीच्या ताटात मांडली असतील. स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ही मोठी परात, आणि परातीत माझा आंबा, माझे चिकू, माझी केळी. चिरलेली! चौकोनी, एकसारखी, पट्टी लावून कापल्यासारखी. जाम चिरणं चालू होतं. डाळिंब तेवढं शाबूत, सोलायला वेळ लागतो म्हणून.

"विहीणबाई, ही फळं कुठली?"

"तुम्हीच आणलेली की."

"ती ओटीची हायत."

मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. "आमच्या घरात ओटीची फळं सासरची असतात. माहेरची खायला. बायका जास्त आल्यात, कस्टर्डला फळं कमी पडत होती."

"खणात बांधली होती मी!"

"खण घडी घालून फ्रिजवर ठेवलाय. एक डाग पडू दिला नाही."

आता सांगा, या बाईला काय म्हणायचं? ओटीच्या फळांवर सुरी चालवायची आणि वर खणाला डाग पडला नाही म्हणून सांगायचं! पण बाहेर बायका जमत होत्या, लेक म्हणाली होती भांडू नको. मी गप्प बसले. आणि गप्प बसल्यावर जे दिसलं त्याने मला जरा बरंही वाटलं. विहीणबाई चिरलेले जाम थेट कस्टर्डात टाकत होत्या, एक नाही, अख्खं ताट. जाम मुळात पाण्याचं फळ. चिरून गोडात टाकलं की त्याला पाणी सुटतं. आमच्याकडची शाळकरी मुलगीही जाम मीठ लावून वेगळा वाटीत देईल, दुधातबिधात घालणार नाही. सांगलीकडे हे कोण सांगणार? मी तर नाहीच. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "ढवळा ना नीट. तळातून ढवळा."

पातेलं फ्रिजमध्ये गेलं. आणि थोड्या वेळाने काय व्हावं? लाईट गेली.

बोईसरची हो! केळव्याची नव्हे. पंखे थांबले, बायका पदराने वारा घ्यायला लागल्या. मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "विहीणबाई, इथं वारा सुटला वाटतं?"

"दुरुस्तीचं काम असेल. कळवून घालवतात आमच्याकडे," त्या म्हणाल्या. कळवून घालवली की अंधार कमी पडतो की काय.

ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण आणि फळ म्हणून एकटं डाळिंब. सासरची फळं म्हणे. ती त्यांनी सकाळीच त्याच कस्टर्डात चिरून घातलेली. माझ्या लेकीची पहिली ओटी एका विकतच्या डाळिंबावर भरली गेली. मी हळद-कुंकू लावताना विहीणबाईंच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी माझ्या डोळ्यांत. दोघी हसलो, बायका बघत होत्या ना.

मग वाट्या आल्या. त्यात कस्टर्ड कसलं, पिवळी पेज! वर चिकूचे तुकडे तरंगतायत, काळे पडलेले. शेजारची एक बाई चमचा वर धरून थेंब पडताना बघत बसली. विहीणबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता गप्प बसतील. पण ही बाई आणि गप्प! म्हणाल्या, "माझं कस्टर्ड कधी असं होत नाही. विहीणबाईंची फळंच पाणचट निघाली."

पाणचट. माझ्या वाडीची फळं!

"फळाला नावं ठेवू नका," मी म्हटलं. "फळ त्याच्या जागी बरोबर होतं. देवापुढं."

तेवढ्यात लेक तोंडाला हात लावून मोरीकडे पळाली. दोन चमचे खाल्ले होते तिने, तेही गेले.

मी उठले. परवानगीबिरवानगी काही विचारली नाही. त्यांच्या ओट्यावर माझी पिशवी ओतली. शहाळ्यावर सुरीची मूठ मारली, पाणी पातेल्यात घेतलं, मलई चमच्याने खरवडून लांब लांब काढली. ताडगोळे सोलले, पण आतली पातळ साल राखली; ती किंचित तुरट असते, मळमळीला तीच बरी. कैरीचे अगदी बारीक तुकडे, पुदिन्याची चार पानं हाताने चुरून, चिमूटभर मीठ. साखर नाही. बर्फ नव्हताच, पण ओल्या फडक्यातले ताडगोळे विहिरीतून काढल्यासारखे गार होते. विहीणबाई दारात उभ्या. "मीठ? गोडात?"

"गोड कोण करतंय," मी म्हटलं.

लेकीने वाटी घेतली. एक चमचा, मग दुसरा. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघतायत, जणू परीक्षेचा निकाल. तिने वाटी संपवली. उरलेलं पाणी वाटी तोंडाला लावून प्याली. पुन्हा मागितली. तीही संपवली, आणि भिंतीला टेकून बसली. मोरीकडे गेली नाही.

झालं, मला चेव आला. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "बघितलंत? माहेरचं ते पोटात राहतं. आमी आमच्या लेकीला उद्याच नेतो. बाळंतपण केळव्याला."

विहीणबाई पांढऱ्या पडल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

आणि लेक म्हणाली, "आई, मी येणार नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काय?"

"मला इथेच राहायचंय. डॉक्टर दर आठवड्याला बीपी बघतात. दोनदा वाढलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, लांब जाऊ नका."

"मला नाय सांगितलंस ते?"

"सांगितलं असतं तर तू त्याच रात्री रिक्षा करून आली असतीस."

आले असतेच. त्यात काय चुकलं? मी विहीणबाईंकडे वळले. "तुमी पढवलीत ना हिला?"

"मी?" त्या म्हणाल्या. "मला आत्ता कळतंय दोनदा वाढलं ते. मला एकदाच सांगितलंय हिने!"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच आम्हा दोघींना एकाच माणसाचा राग आला होता. पण ते फार टिकलं नाही. कारण लेकीचं बोलणं संपलं नव्हतं. ती सासूकडे बघून म्हणाली, "मम्मी, आई इथे येऊन राहील. जूनपासून, बाळ होईपर्यंत. मला हेच खायला लागणार आहे, आणि हे तिलाच करता येतं."

"इथे?" विहीणबाई म्हणाल्या.

"इथं?" मीही म्हटलं.

आमचे हे कोपऱ्यात बसून ती पिवळी पेज मुकाट्याने पीत होते. एवढं भांडण चाललंय आणि या माणसाने वाटी संपवली. जावईबापू पाय न वाजवता गॅलरीत निघून गेले. शेवटी विहीणबाईंनी घसा साफ केला. बायका बघत होत्या. "या," त्या म्हणाल्या. "घर तुमचंच आहे." इतक्या कोरड्या तोंडाने कुणी कुणाला घर दिलं नसेल.

घरी परतताना रिक्षात माझ्या मांडीवर रिकामी पिशवी आणि फ्रिजवरून परत घेतलेला खण. मागची रंगवलेली खोली, त्या जाळ्या, कडी, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. रात्री मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि खणाची घडी कपाटात ठेवली. खरंच एक डाग नव्हता त्याच्यावर. त्याचाच जास्त राग आला.

जूनला गेले. बॅगेत दोन लुगडी, पिशवीत शहाळी आणि कैऱ्या. ताडगोळ्यांचे दिवस संपत आले होते, शेवटचे मिळाले तेवढे घेतले. विहीणबाईंनी फ्रिजचा खालचा कप्पा मला रिकामा करून दिला, वरचे सगळे त्यांचे. सकाळी मी ओट्याशी गेले तर त्यांनी एक पाट आणि सुरी माझ्यापुढे सरकवली.

"फळं तुम्ही चिरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे पाणी सुटलं तर माझ्यावर यायला नको."

म्हणजे जामाचं कळलं होतं त्यांना. कुणीतरी सांगितलं, नाहीतर स्वतःच पुन्हा करून बघितलं. आतून लेक हाक मारत होती, भूक लागली म्हणून. भूक लागली असं ती कित्येक दिवसांनी म्हणत होती. मी शहाळं समोर घेतलं, सुरी उचलली आणि कैरीवर ठेवली.

बोथट होती. मुद्दाम दिली असणार.