वरचा दात, डोळ्याची शीर

मी आज जो कोणी आहे तो माझ्या थोरल्या भावामुळे. या लिखाणात कुणाचंच नाव घालत नाही. पण त्याचं ऋण आधी सांगितल्याशिवाय पुढचं एकही वाक्य लिहायचा मला हक्क नाही. वडील गेले तेव्हा तो मराठी चौथीत होता आणि मी नुकता शाळेत जाऊ लागलो होतो. मास्तर घरी येऊन आईला म्हणाले, दोन्ही पोरं शाळेतून काढू नका, एकाला तरी शिकू द्या. भावानं आपली पाटी माझ्या हातात दिली आणि बैल सोडायला गेला. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. पुढे मी वडूजला, मग साताऱ्याला, मग सांगलीच्या कॉलेजात शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. तो पलटणीत भरती झाला.

दुसरी मोठी लढाई पेटली तशी त्याची पलटण समुद्रापलीकडे गेली. निघताना वडूजच्या मोटार-अड्ड्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. त्याची लहान मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती.

"आईला काय न्हाई होत, ती दगड हाय," तो म्हणाला. "तुझी वहिनी बी घट्ट हाय. पोरीला तेवढं बघ रं."

मी तेव्हा साताऱ्याच्या एका शाळेत मास्तर होतो. सुट्टीला गावी जायचं, आणि आई सांगेल तसं भावाला पत्र लिहायचं, हे माझं काम. पत्राची सुरुवात ठरलेली असे : इकडील सर्व क्षेम. म्हैस मेली तरी क्षेम, पीक वाळलं तरी क्षेम. लढाईवरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही, असा आमच्या गावातल्या सगळ्याच शिपायांच्या घरांत रिवाज होता. आई म्हणे, "वाईट वाचलं की मानसाचं ध्यान घराकडं वळतं. तेवढ्यात गोळी येती."

पुतणी सहा वर्षांची असताना मी दिवाळीला घरी गेलो. ती एकाच बाजूनं जेवत होती. भाकरीचा घास उजव्या गालात ठेवून हळूहळू विरघळवायची आणि डावा तळहात गालाखाली घेऊन बसायची. मी तोंड उघडायला सांगितलं. वरची, सुळ्यामागची दाढ काळी पडून पोकळ झाली होती आणि तिच्या वर हिरडीवर एक पिवळा फोड होता.

"दुधाचा दात हाय," वहिनी म्हणाली. "पडंल आपोआप. समद्यांचं पडत्यात."

आई मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून गाल शेकत होती. शेकलं की पोरीला बरं वाटे. दोन दिवसांनी गाल उतरला आणि मी निर्धास्त होऊन साताऱ्याला परतलो. महिनाभरातच गावच्या एका माणसाबरोबर वहिनीचा निरोप आला : भावजींना म्हणावं, या.

या खेपेला सूज नाकाच्या कडेपर्यंत आली होती. कातडी ताणून चकाकत होती आणि खालची पापणी वर ढकलली जाऊन डोळ्याची नुसती फट राहिली होती. पोरगी रडत नव्हती. एवढ्या लहान मुलाचं न रडणं मला बरं वाटलं नाही.

मी म्हणालो, दात काढायला हवा. आई तव्यावरून हात न काढताच म्हणाली, "वरचा दात हाय त्यो. वरच्या दाताची शीर डोळ्याला असती. माझ्या भावाचा दात उपटला आन् त्या बाजूचा डोळा गेला, ठावं हाय न्हवं? आन् हिचा तर आधीच डोळ्याला लागलाय. दिसत न्हाई तुला? आता हलवला की गेलाच डोळा."

"आई, तसं नसतं."

"बी. ए. झालास म्हनून दातातलं बी कळाय लागलं व्हय?"

मला खरोखरच कळत नव्हतं. सूज डोळ्यापर्यंत गेली म्हणून मला दात काढावासा वाटत होता, आणि त्याच सुजेकडे बोट दाखवून आई काढू नको म्हणत होती.

"तिच्या बापाला इचारल्याबिगर दाताला हात लावायचा न्हाई," आई म्हणाली. "त्याची लेक हाय."

"मग लिहितो त्याला."

"लिव्हायचं बी न्हाई!"

वहिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिनं वळून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचाही नाइलाज होता. त्या वेळी बरेच दिवस भावाचं पत्र नव्हतं, आणि पोस्टमन आमच्या आळीत वळला की वाईट तार असेल या धास्तीनं ती हातातलं काम टाकून आत जाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परड्यात गेलो तर पुतणी गोठ्याच्या भिंतीला हात लावून चालत होती. दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. भिंत संपली तिथं थांबली, पायानं चाचपडलं, दावणीचा दगड सापडला, तिथून पाण्याच्या रांजणाकडे वळली. रांजणाला हात लागला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि मला पाहून ती ओशाळली.

"काय करतीस गं?"

"शिकतीया," ती म्हणाली.

मी घरात जाऊन वहिनीला ते सांगितलं. तिनं लुगडी गाठोड्यात बांधली. आई दारात उभी राहिली, पण आडवी आली नाही. एवढंच म्हणाली, "डोळा गेला तर त्याला तोंड तुमी दावा." लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार वडूजहून निघाली ती प्रत्येक चढाला दम खात संध्याकाळी साताऱ्याला पोचली.

साताऱ्यात मी ओळखीच्या वकिलांना विचारलं, शाळेत विचारलं. लहान मुलांचे दात कोण चांगले बघतो? लोक हसत. कवळी कोण चांगली करतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. मुलांच्या दातांसाठी डॉक्टर लागतो, हेच कुणाच्या गावी नव्हतं. शेवटी पेठेतल्या एका दंतवैद्याकडे गेलो. काचेच्या कपाटात प्लास्टरचे जबडे मांडलेले होते. पुतणी त्यांच्याकडे टक लावून बघत बसली.

"काही करत नाही बाळ, नुसतं बघतो," दंतवैद्य गोड आवाजात म्हणाला आणि त्यानं हात पाठीमागे नेला. त्याच्या मागे भिंतीवर आरसा होता. पाठीमागच्या हातातला चिमटा पोरीला आरशात दिसला. तिनं तोंड मिटलं. त्याच्या माणसानं तिचे खांदे दाबले, दंतवैद्यानं जबडा दाबून उघडायचा प्रयत्न केला, सुजलेल्या बाजूला अंगठा लागला, आणि इतके दिवस न रडलेलं ते लेकरू असं ओरडलं की बाहेर बसलेली माणसं उठून उभी राहिली. वहिनीनं तिला उचललं आणि आम्ही रस्त्यावर आलो.

त्यानंतर तिनं कुणासाठीच तोंड उघडलं नाही. दूधसुद्धा मिटल्या दातांतून शोषून घेई. अंगात ताप चढला.

माझ्या खोलीचे मालक एक म्हातारे सुभेदार होते, पहिल्या लढाईतले. तोंडात कवळी, त्यामुळे बोलताना टकटक आवाज होई. त्यांनी पोरीला पाहिलं आणि माझ्यावरच डाफरले.

"आवं मास्तर, हितं काय हिंडताय? कवळी करायचीय का पोरीला? सांगलीला जावा. मुंबईला शिकून आलेला एक तरणा डॉक्टर हाय. माझा नातू त्याच्याकडं दोनदा गेला आन् भ्याला न्हाई. का भ्याला न्हाई ते मला इचारू नका, मला बी उमगलं न्हाई."

एवढ्याच शिफारशीवर आम्ही निघालो. सातारारोड स्टेशनावर गाडी धरून मिरजेला उतरलो आणि तिथून सांगलीला आलो. डब्यात शिपाई भरलेले होते. एकानं पोरीला चणे देऊ केले. तिनं मुठीत घेतले, तोंडात घातले नाहीत. तोवर डोळ्याची फटही मिटली होती.

सांगलीत मी कॉलेजची वर्षं काढली होती. पण त्या दिवशी ते गाव मला परकं वाटलं. डॉक्टरांचा दवाखाना एका कापडाच्या दुकानावर होता. डॉक्टर खुर्चीपाशी गेलेच नाहीत. एक बुटकं स्टूल ओढून पोरीच्या समोर बसले, तिच्याहून खाली.

"तोंड उघडू नकोस," ते म्हणाले. "मी बोलतो, तू नुसतं ऐक. तो दात काढावा लागेल. दुखेल."

वहिनीनं पोरीला जवळ ओढलं. इतक्या दिवसांत हे कुणीच त्या लेकराला सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे म्हणत होतो, काही होत नाही, काही होत नाही.

पोरगी मिटल्या दातांतून म्हणाली, "लय?"

"खूप. बधिर करायची सुई देईन, पण सूज इतकी आहे की सुईचा पुरता गुण येणार नाही. पण थोडाच वेळ दुखेल. तुमच्या गावात विहीर आहे? पोहरा तळापासून काठावर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ."

तिनं विचार केला. "भरल्याला का रिकामा?"

"भरलेला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

"आन् डोळा?"

ते माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलले. दाताची मुळं आणि डोळा यांच्यामध्ये हाड असतं. दातातला पू आता त्या हाडाबाहेरून वर चढतो आहे. दात ठेवला तर डोळ्याला जास्त धोका, काढला तर कमी. बाहेरून गाल शेकल्यानं पू बाहेरच्या बाजूला ओढला जातो, तो शेक आजपासून बंद.

"कमी म्हणजे?" मी विचारलं.

"कमी म्हणजे कमी. नाही असं मी म्हणणार नाही. उशीर झाला आहे."

मी आईचं म्हणणं सांगितलं, मुलीचे वडील लढाईवर आहेत, त्यांना विचारलेलं नाही, हेही सांगितलं. डॉक्टरांनी वाट पाहिली. तेव्हा वहिनी, जी परक्या पुरुषापुढे कधी बोलत नसे, पदर सावरून म्हणाली, "त्यास्नी मी सांगीन. काढा."

वहिनी खुर्चीत बसली आणि पोरगी तिच्या मांडीवर. डॉक्टरांनी चिमटा लपवला नाही. पोरीच्याच हातात दिला. तिनं उघडून-मिटून पाहिला, परत दिला, आणि तोंड उघडलं.

सुई देऊन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "पोहरा निघाला." ती किंचाळली, पण तोंड मिटलं नाही. "अर्ध्यावर आला. हिसका बसेल आता. काठावर आला. आला!"

खोलीत असा दर्प सुटला की मला खिडकीकडे जावं लागलं. पोरगी भांड्यात थुंकत होती, थुंकतच होती. डॉक्टरांनी दात धुऊन कापसात गुंडाळून तिच्या मुठीत दिला. आम्हाला पू आटवणाऱ्या सल्फाच्या गोळ्या दिल्या, कोमट मिठाच्या पाण्यानं आतून चुळा भरायला सांगितलं, आणि दारापर्यंत येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळी डोळा थोडा तरी उघडायला हवा. नाही उघडला तर माझ्याकडे येऊ नका. तडक मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जा."

ती रात्र आम्ही धर्मशाळेत काढली. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वहिनीच्या आणि माझ्याही मनात आईचं दारातलं वाक्य होतं. उजाडलं. वहिनी पोरीच्या तोंडावर वाकली आणि तशीच राहिली. मला पुढे होऊन बघायचा धीर होईना.

मग पोरीचाच आवाज आला. "आई, वर पाल हाय."

मी वर पाहिलं. तुळईवर पाल होती. पोरीनं उजव्या डोळ्यावर तळहात दाबून धरला होता आणि डाव्या डोळ्याच्या दोऱ्याएवढ्या फटीतून ती पालीकडे बघत होती.

त्याच दिवशी मी भावाला पत्र लिहिलं. वहिनी शेजारी बसली होती. पण या खेपेला काय लिहायचं हे कुणी सांगितलं नाही. लढाई संपून तो परत आला तेव्हा ते पत्र त्याच्या सामानात होतं, घड्यांवर फाटलेलं. आता ते माझ्याकडे आहे. जसं आहे तसं देतो.

"तीर्थस्वरूप दादास,

सांगलीहून लिहितो. इकडील सर्व क्षेम आहे असं दर वेळी लिहितो, आज लिहीत नाही. तुझ्या मुलीची वरची दाढ किडून गाल सुजला, ताप आला, डोळा मिटला. आज धोका उतरल्यासारखा दिसतो. पण डॉक्टर म्हणतात, आठवडाभर नजर ठेवा. दात तुला न विचारता काढला. वहिनींनी काढा म्हणून सांगितलं आणि मी मान्य केलं. आई नाराज आहे, तिला तू दोन ओळी लिही. तिला भीती होती, राग नव्हता.

मुलीला फार दुखलं. डॉक्टरांनी तिला आधीच तसं सांगितलं होतं आणि तिनं ते सोसलं. ते बघून वाटलं की सहा वर्षांच्या मुलीला खरं सांगता येतं, तर तुलाही सांगता येईल. यापुढे तुला घरचं जे असेल ते लिहीन. तूही तुझं जे असेल ते लिही. बरेच दिवस तुझं पत्र नाही. तुझं ध्यान यामुळे घराकडे वळू देऊ नकोस, एवढीच विनंती.

एक राहिलं. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकायचा असतो, हे तिला ठाऊक आहे. पण ती टाकू देत नाही. कापसात गुंडाळून मुठीत धरून बसली आहे. म्हणते, आबा लढाईवरून आल्यावर आबांनी टाकायचा, त्यांचा हात लांब पोचतो."