समोरून ‘हं’ यायला हवं

दुर्गाताई एक-दोन वाक्यं बोलायच्या आणि थांबायच्या. समोरून कुणी ‘हं’ म्हटल्याशिवाय पुढे सरकायच्याच नाहीत. वऱ्हाडातल्या मेडशीहून मालेगावला जाणाऱ्या एसटीत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाही त्या अशाच अडून बसल्या होत्या. गोष्ट ऐन रंगात आलेली, शेजारची बाई खिडकीबाहेर बघतेय आणि ताई गप्प. शेवटी मागच्या सीटवरून मीच ‘हं’ म्हटलं. वळून म्हणाल्या, “कुनी तं जागं हाय गाडीत!”

आमच्या घरी परीकथांच्या आधी पत्रकं आली. वडील मोर्चांची पत्रकं लिहायचे आणि मी शाई वाळायच्या आत वाचून काढायची. त्यामुळे बोलायला उभी राहिले की माझा पहिला शब्दच मूठ आवळून यायचा. एका सभेत मला ऐकून ताई म्हणाल्या, “बाई वं, तू बोलून राह्यली का भांडून राह्यली? समोरच्याले ‘हं’ म्हनाले जागा तं ठेव!”

थांबण्याची ही सवय ताईंना शेतात लागली. विळ्याने तूर सोंगताना त्यांची आई गोष्ट सांगायची आणि ‘हं’ म्हणायचं काम लहानग्या दुर्गाचं. हुंकार थांबला की गोष्ट बंद. पुढे ताई मालेगावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवू लागल्या, वक्तृत्वाच्या फेऱ्या जिंकत गेल्या आणि एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी थेट क्वालालंपूरला निघाल्या. भाषण इंग्रजीत होतं, त्यांची बालमैत्रीण रेखा हिच्याविषयी. रेखा दरवर्षी दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जायची आणि परत आल्यावर वर्गात तोंडच उघडायची नाही.

अशा मुलींसाठी ताईंना मेडशीत बोलण्याचा वर्ग काढायचा होता. जागा हवी होती गावच्या समाजमंदिरात. सरपंच बाबाराव म्हणाले, “पोरी तशाबी लय बोलतात, त्याईले क्लास कायले? बरं, जगातला कप आन अन् चावी घेऊन जा.” मी खवळले. गावाची जागा गावच्याच मुलींनी बक्षीस म्हणून का मागायची? ताई हसल्या. “तू पत्रक काढ, मी कप आनतो.”

निघण्याआधी त्यांनी तेच भाषण समाजमंदिराच्या ओट्यावर वऱ्हाडीत ऐकवलं. सारा गाव ‘हं, हं’ करत ऐकत होता.

स्पर्धेच्या दिवशी बाबारावांनी समाजमंदिरात टीव्ही लावला. ताईंच्या आधी बोललेला परदेशी स्पर्धक सुरीसारखा बोलला, एक क्षण वाया नाही. वेळ संपली की लाल दिवा, आणि त्याहून लांबलं की स्पर्धक बाद. ताईंची थांबण्याची सवय त्यांच्या प्रशिक्षकाने महिनोन्महिने खपून मोडली होती. पण ताई बोलू लागल्या, भाषणातली रेखा वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली आणि ताई थांबल्या. परक्या सभागृहातून ‘हं’ आलं नाही. मेडशीत इंग्रजी कुणाला कळत नव्हतं, पण ‘रेखा’ कळलं आणि गोष्ट कुठवर आली तेही कळलं. ताईंची आई टीव्हीकडे सरकून म्हणाली, “हं.” मग सगळेच म्हणाले. बाबाराव सगळ्यात मोठ्याने.

पडद्यावर ताई किंचित हसल्या आणि पुढे गेल्या. मग पुन्हा थांबल्या. लाल दिवा लागला तेव्हा शेवट अजून बाकी होता. तो त्यांनी गाळला नाही. त्या बाद झाल्या.

मी फोनवरच जळजळीत मजकूर लिहून त्यांना पाठवला. लगेच त्यांचा फोन आला. “वेळंचा नेम सगळ्याईले सारखाच व्हता. अन्याय झाला तवा लिहिजो, हरलो तवा नाई.”

ताई परतल्यावर बाबारावांनी त्यांना एसटीच्या थांब्यावरच गाठलं. “कप कुठं हाय?”

ताईंच्या आधी त्यांना न्यायला आलेली आईच बोलली. “बाबाराव, तुमी काहून ‘हं’ म्हनत व्हते मंग? अर्धं भाषन तं तुमचंच झालं. हरले तं तुमीबी हरले!”

थांब्यावरची माणसं हसत सुटली. बाबाराव डोकं खाजवत राहिले आणि मग त्यांनी खिशातून चावी काढली. “रविवारीच. अन् झाडून घ्या लागन.”

त्या वर्गात बोलण्याआधी ‘हं’ म्हणायला शिकवलं जायचं. पुढे ताईंना नागपूरला नोकरी लागली. चावी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, “क्लास तू घे. पन पोरीच्या वाटनीचं तू बोलू नको.”

या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेली एक मुलगी उभी राहिली. एक वाक्य बोलली आणि अडकली. तिचं दुःख मला पाठ होतं, त्यावर मी पत्रकं लिहिली होती. पुढची दहा वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. मी ती गिळली आणि नुसतं म्हटलं, “हं.”

मागून बाकीच्या मुलींनीही म्हटलं.

तिने मान वर केली. “मंग ना,” ती म्हणाली, आणि सांगू लागली.